रिकामा फिरवलेला रगडा

मित्रांनो, मी एक जुना रगडा आहे आणि मी रागावलेला आहे.

दगडाला कसला राग, असे तुम्ही म्हणाल. दगडालाही राग येतो. तो यायला फार वेळ लागतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही एवढेच.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. तुमच्या घरी मिक्सर असेल, फार तर विजेवर चालणारा ग्राइंडर. मी त्यांचा आजोबा. खाली एक जड काळा दगड, त्याच्या मधोमध पोटासारखा खळगा, आणि त्या खळग्यात उभा राहून गोल फिरणारा दुसरा लांबट दगड. त्याला आमच्या घरात गुंडा म्हणतात. खळग्यात भिजवलेली डाळ घालायची, एका हाताने गुंडा फिरवायचा, दुसऱ्या हाताने वर येणारे पीठ आत लोटायचे. याच कामात माझे आयुष्य गेले आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म कोलारच्या बाजूच्या एका खाणीत झाला. तिथल्या कारागिराने छिन्नी-हातोड्याने माझे पोट कोरले. तेव्हाही मी चिडलो होतो. पण पहिली डाळ पोटात पडली तेव्हा कळले की ते घाव कशासाठी होते. उपयोगी पडणाऱ्या घावांचा राग पुढे राहत नाही.

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक मराठी घर आहे. त्यांचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, असे घरात सांगतात. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्ही. त्या घरच्या सासूबाईंनी मला विकत घेतले आणि हातगाडीवरून आणून मागच्या अंगणात बसवले. त्या घरात पूर्वजांचे एक जाते होते, पण ते कधीच फुटले होते. म्हणून लग्नकार्यात घाणा भरायची वेळ आली की मान मला मिळू लागला.

घाणा भरणे म्हणजे लग्नाच्या कामाला मुहूर्ताने हात लावणे. मला धुऊन पुसून आंब्याची पाने बांधतात, हळदकुंकू लावतात, आणि सवाष्णी जमून माझ्यात हळकुंडे दळतात. पहिली मूठ जी टाकते तिचा मान सगळ्यांत मोठा. त्या दिवशी मी दगड नसतो, घरचा वडीलधारा असतो.

सासूबाईंचा एक नियम होता. रिकामा पाळणा हलवू नये, रिकामी कात्री चालवू नये, रिकामा रगडा फिरवू नये. पाळण्याचे आणि कात्रीचे मला ठाऊक नाही. माझ्यापुरते सांगतो, त्यात शकुन-अपशकुन काही नाही. मध्ये धान्य असले की दगड धान्य दळतो. मध्ये काहीच नसले की दगड दगडाला खातो. बारीक कच निघते, आणि पुढच्या वेळी ती कच कुणाच्या तरी दाताखाली येते. साधी गोष्ट आहे. पण साध्या गोष्टी माणसांना फार अवघड जातात.

या घरात दोन सुना आल्या. थोरली राजलक्ष्मी आणि धाकटी अंबुबाई. थोरलीच्या जिभेला लगाम नव्हता; धाकटी सगळे मनात ठेवायची. पण माझ्यासमोर बसल्या की दोघींची जोडी अशी जमायची की विचारू नका. एक फिरवायची, दुसरी पीठ लोटायची. एकीचा हात दमला की दुसरीने न सांगता गुंडा धरायचा. त्यांच्या वड्यांचा वास बसस्टँडपर्यंत जायचा. शेजारच्या कन्नड बायका भांडे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "अक्का, स्वल्प पीठ द्या. आमच्या मशीनचं असं फुलत नाही." तेव्हा मी मनात काय फुलायचो!

मग तो संक्रांतीचा दिवस आला. अंगणात हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. अंबुबाई अजून तशी नवीच होती आणि त्या दिवशी एकटीच डाळ वाटत होती. वडे व्हायला उशीर होत होता. राजलक्ष्मी सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आमच्या अंबूचा हात म्हणजे सरकारी काम! वडे येतील, पण पुढच्या संक्रांतीला."

बायका हसल्या. अंबुबाईचे तोंड उतरले.

मित्रांनो, त्या दिवशी अंगणात आणखी एक वाक्य बोलले गेले. हळू आवाजात, खाली मान घालून. मी ते ऐकले. पण ते आत्ता सांगणार नाही, कारण ते सांगायचा पहिला हक्क माझा नाही. ज्याला ते लागले त्याचा आहे.

त्या संक्रांतीपासून माझा छळ सुरू झाला.

अंबुबाई माझ्यासमोर बसायची. हात गुंड्यावर असायचा आणि मन त्या वाक्यावर. 'सरकारी काम म्हणाल्या. चारचौघींत म्हणाल्या. मुद्दाम म्हणाल्या. मी तेव्हा असं म्हणायला हवं होतं. नाही, तसं म्हणायला हवं होतं.' ती ओठातल्या ओठात पुटपुटायची. एक उत्तर तयार झाले की ते मोडून दुसरे करायची. डाळ कधीच लोण्यासारखी झालेली असायची, पण तिचे दळण काही संपायचे नाही.

मुद्दाम! या एका शब्दाने मला जेवढा ताप दिला तेवढा कोलारच्या छिन्नीने दिला नाही. राजलक्ष्मीने दिवाळीला चकल्या पाठवल्या आणि त्या थोड्या मऊ निघाल्या. मुद्दाम! तिने फोन उचलला नाही. मुद्दाम! राजलक्ष्मीच्या नवऱ्याचे शहराच्या टोकाला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात, लेथ मशीनचे छोटे वर्कशॉप होते. रोजची ये-जा झेपेना म्हणून तो बायकोला घेऊन तिकडे राहायला गेला. अंबुबाईच्या मते तेही मुद्दाम. भल्या बाई, माणूस कामाजवळ राहायला गेला तर त्यात तुझा काय संबंध?

आणि राजलक्ष्मी जाण्याआधी काय काय करून गेली, ते हिला आठवत नसे. सौम्या तान्ही असताना अंबुबाईला टायफॉइड झाला होता. तेव्हा त्या बाळाला कुणी सांभाळले? राजलक्ष्मीला मूलबाळ नव्हते. तिने सौम्याला मांडीवर घेऊन माझ्याच शेजारी उन्हात अंघोळी घातल्या. सौम्या बोलायला लागली तेव्हा आईला आई म्हणाली आणि तिला दोड्डम्मा. कन्नडात मोठ्या काकूला तसे म्हणतात. पुढे ती मुलगी खडूने माझ्या एका बाजूवर शाळेतली कन्नड अक्षरे काढायची आणि दुसऱ्या बाजूवर दोड्डम्माने शिकवलेली मराठी. मला जी काही अक्षरे येतात ती तिच्यामुळे, आणि तीही म्हातारपणी.

मग घरात विजेचा ग्राइंडर आला. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? माझ्यावर फुटकी बादली आली, रंगाचे डबे आले. थंडीत एक मांजर माझ्या पोटात झोपायचे. तेही मी सोसले. काम संपले की बाजूला व्हायचे असते, हे दगडालाही समजते.

पण अंबुबाईने मला बाजूलाही होऊ दिले नाही! दुपारी घर निवांत झाले की ती मागे यायची, डबे बाजूला ठेवायची, पाटावर बसायची आणि मला फिरवायची. रिकामा! डाळ नाही, तांदूळ नाही, पाण्याचा थेंब नाही. नुसते घर्र, घर्र. मनातल्या जुन्या भांडणाला हाताची सोबत लागायची, म्हणून मी. ज्या बाईने शेजारच्या पोरांना 'रिकामा फिरवू नका रे' म्हणून ओरडावे, तिनेच! शेजारी चहा ठेवलेला असायचा, त्याच्यावर साय धरायची. तिचे डोके दुखायचे. त्यावर ती बाम लावायची आणि पुन्हा दळायला बसायची.

एक दुपार मी विसरणार नाही. सौम्याला सर्जापूर रोडच्या एका मोठ्या कंपनीत पहिली नोकरी लागली. ती धावत अंगणात आली. चपलाही काढल्या नव्हत्या.

"आई! लागली! मला नोकरी लागली!"

"हं," अंबुबाई म्हणाली. घर्र, घर्र.

मुलगी तशीच उभी राहिली. मग हळूच आत गेली. दुसऱ्या दिवशी अंबुबाई विचारते, "काल काय म्हणत होतीस गं?" दारावर आलेला एवढा मोठा आनंद, आणि ही घरात नव्हतीच. ही त्या जुन्या संक्रांतीत बसली होती. सांगा, मी रागावू नये तर काय करू?

आता सौम्याचे लग्न ठरले. घाणा भरायचा दिवस जवळ आला, तसे माझ्यावरचे डबे हलवले गेले. सौम्याने स्वतः मला नारळाच्या काथ्याने घासले. अंबुबाई समोर पाटावर बसली होती आणि तिचा हात सवयीने गुंड्यावर गेला होता.

"आई, पहिली मूठ दोड्डम्मा टाकेल," सौम्या म्हणाली.

"निवेदितामावशीला सांगितलंय मी."

"मला न विचारता?"

"त्यात विचारायचं काय? पहिली मूठ लेकुरवाळीची लागते. पद्धत आहे. आणि अक्का आल्या की काय बोलतील, तुला नाही माहीत. त्या म्हणतील, अंबू, दळायला तुलाच बसवलंय होय? मग मी म्हणेन..."

"आई, दोड्डम्मा आत्ता पीण्यात जेवून आडवी झाली असेल. तू इथे तिच्याशी भांडतेयस."

"मी कुठे भांडतेय?"

"आणि रिकामा फिरवतेयस."

"मी कुठे फिरवतेय?"

तिने खाली पाहिले आणि हात काढला. तिला खरोखर माहीत नव्हते! मित्रांनो, सवय अशी असते. हात आपला असतो आणि आपल्यालाच ठाऊक नसते तो काय करतो आहे.

सौम्या काथ्या टाकून उठली. "ऐक. दोड्डम्माने मूठ टाकली नाही, तर मी हळदीला बसणार नाही. पाहुणे येऊ देत, मंडप पडू दे. सरी? ठीक आहे?"

अंबुबाई पाटावरून उठली. ती आत गेली, आणि मी रात्रभर त्या मुलीची काळजी करत राहिलो. ती बोलण्यात आईसारखी नव्हती. जे म्हणायची ते करायची.

घाण्याचा दिवस उजाडला. मला आंब्याची पाने बांधली. हळदीकुंकवाची बोटे लागली. बायका जमल्या. निवेदिता, म्हणजे अंबुबाईची मावसबहीण, आल्याआल्या म्हणाली, "अय्यो, हा रगडा अजून आहे? मी म्हटलं मोडीत घातला असेल!" मी गप्प बसलो. शुभकार्य होते.

राजलक्ष्मी पीण्याहून मेट्रोने आली आणि पुढे ऑटोने. तिचे केस पांढरे झाले होते, गुडघे धरले होते. ती भिंतीशी खुर्ची ओढून बसली, जरा लांबच. अंबुबाईने "बऱ्या आहात ना अक्का?" म्हटले आणि तिने "बरी आहे" म्हटले. या दोघींचे बोलणे इतक्या वर्षांत एवढेच उरले होते. ज्या दोघींच्या हातात पीठ लोण्यासारखे व्हायचे, त्यांचे!

सौम्या सरळ तिच्याकडे गेली आणि तिचा हात धरून तिला माझ्यापाशी घेऊन आली. "दोड्डम्मा, पहिली मूठ तुझी."

"असं नाही करायचं गं," अंबुबाई घाईने म्हणाली. "पहिली मूठ लेकुरवाळीची लागते."

गल्लीतल्या बसचा हॉर्न तेवढा ऐकू आला. निवेदिताने हळकुंडाचे ताट उगाच इकडचे तिकडे सरकवले.

राजलक्ष्मीने आपला हात सोडवून घेतला. "सरी. पद्धत आहे तर आहे," ती म्हणाली. मग तिने अंबुबाईकडे पाहिले. "तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस, अंबू. आज निदान पद्धतीचं नाव घेऊन म्हणालीस."

"मी? मी काय म्हणाले?" अंबुबाईचा आवाज चढला. "बोललात तुम्ही! सरकारी काम म्हणालात, चारचौघींत! मी एक शब्द उलटून बोलले नाही. आजपर्यंत बोलले नाही!"

"सरकारी काम मी म्हणाले. खरं आहे. माझ्या जिभेला हाड नाही, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तुझं तोंड उतरलेलं दिसलं, तेव्हा तुझ्याजवळ आले होते, चुकलं म्हणायला. पण त्याआधी तू बोललीस."

"काय बोलले?"

राजलक्ष्मी शांतपणे म्हणाली, "ज्यांच्या घरात पाळणा हलत नाही, त्यांना घाई कसली?"

हेच ते वाक्य, मित्रांनो. खाली मान घालून, माझ्या पोटाकडे पाहत अंबुबाईने म्हटलेले. जे उत्तर द्यायचे राहून गेले म्हणून ती जन्मभर हळहळली, ते तिने त्याच क्षणी दिले होते. आणि असे दिले होते की समोरच्या बाईला पुन्हा बोलता आले नाही. आपल्याला लागलेले तिने रोज दळले. आपण मारलेले ती त्याच दिवशी विसरली.

"मी असं बोलणारच नाही," अंबुबाई म्हणाली. तिने दाराकडे पाहिले. तिथे तिचे यजमान मानसिंगराव केळीचे खुंट घेऊन उभे होते. "अहो, सांगा की यांना!"

मानसिंगरावांनी खुंट खाली ठेवले. "बोलली होतीस," ते म्हणाले. "मी इथेच होतो, दारात."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगायचीस, मी ऐकायचो."

या गृहस्थांच्या पायावर माझा गुंडा पडावा असे मला वाटले. एक वाक्य! या माणसाने एक वाक्य वेळेवर बोलले असते, तर दोन बायांची वर्षे वाचली असती. शांतता हवी म्हणून गप्प बसणे हीसुद्धा एक सवयच आहे, आणि तिचीही कच दुसऱ्यांच्याच दाताखाली येते.

अंबुबाई मटकन माझ्यासमोर बसली. तिचा हात गुंड्यावर गेला. घर्र. घर्र. पोटात अजून काहीच नव्हते. हळदकुंकू लावलेला, पाने बांधलेला मी, आणि सगळ्या सवाष्णींच्या देखत ती मला रिकामा फिरवू लागली.

"आई," सौम्या म्हणाली, "साकु. पुरे आता."

अंबुबाईने हात असा उचलला की जणू चटका बसला. तिने तळव्याकडे पाहिले. बोटांना राखाडी भुकटी लागली होती. ती भुकटी माझी होती, आणि तेवढीच तिचीही.

मग अंबुबाईने तांब्यातले पाणी ओतले आणि माझे पोट धुतले. पदराने पुसले. पुन्हा धुतले, पुन्हा पुसले. कडेकपारीत बोट घालून सगळी कच काढली. निवेदिता "नवी साडी आहे गं!" म्हणेपर्यंत पदर काळा झाला होता. मग तिने हळकुंडाचे ताट उचलले आणि राजलक्ष्मीसमोर धरले.

"अक्का, पहिली मूठ लेकुरवाळीची लागते."

राजलक्ष्मीचा चेहरा पुन्हा मिटला.

"म्हणून तर म्हणते, टाका," अंबुबाई म्हणाली. तिने ताट आणखी पुढे केले. "ही तुमच्याही मांडीवर वाढलीय. चुकलं माझं. टाका ना."

राजलक्ष्मीने ताटाकडे पाहिले, सौम्याकडे पाहिले. मूठ भरली. ती इतकी गच्च होती की दोन हळकुंडे बाहेर पडली. बाकीची माझ्या पोटात आली. आणि मग तिने नाक ओढत विचारले, "फिरवणार कोण? तू? मग लग्न पुढच्या संक्रांतीला!"

बायकांनी श्वास धरला. मीही धरला. इतक्या वर्षांत तयार केलेली, घासूनपुसून ठेवलेली उत्तरे अंबुबाईजवळ होती. त्यातले एक जरी बाहेर आले असते तरी सगळे संपले असते.

अंबुबाई हसली. नुसती हसली, आणि तिने गुंडा धरला. राजलक्ष्मी गुडघा धरत कशीबशी खाली बसली आणि दुसऱ्या हाताने हळद आत लोटू लागली. एकीचा हात दमला तेव्हा दुसरीने न सांगता गुंडा घेतला. त्या दिवशी माझ्या पोटातून जी हळद निघाली ती सौम्याच्या अंगाला लागली. तीत कच नव्हती. मी शपथेवर सांगतो.

अंबुबाईची सवय एका दिवसात गेली असे मी म्हणणार नाही. तुम्हाला खोटे सांगून काय मिळणार? सौम्या सासरी गेल्यावर एका दुपारी ती पुन्हा मागे आली, पाटावर बसली, हात गुंड्यावर ठेवला. एक घर्र झाली. मग तिने हात काढला, फोन लावला आणि म्हणाली, "अक्का, झोपला नाहीत ना? वड्यांना डाळ किती वेळ भिजवायची?" तिला हे चांगले ठाऊक आहे. तिलाच ठाऊक नसेल तर कुणाला? पण तिने विचारले. चहाही गरम असतानाच प्यायली.

म्हणून मित्रांनो, मी तुमच्यावर आत्ताच रागावून ठेवतो, म्हणजे पुढे वेळ येणार नाही. कुणी काही बोलले, वाईट वाटले, तर त्या माणसाकडे जा, बोला, रडा, भांडासुद्धा. ते दळण आहे, त्यातून काहीतरी निघते. पण ज्यात आता दाणा उरलेला नाही, ते रात्रंदिवस मनात फिरवत बसू नका. त्यातून पीठ निघत नाही. तुम्हीच झिजता, आणि तुमची कच तुमच्या माणसांच्या घासात जाते. दारात कुणी आनंद घेऊन धावत आले तर हात थांबवा आणि वर पाहा.

आणि माझा राग? तो सगळा सांगून झाला. माझेही पोट आता धुतलेले आहे. बादली ठेवायची असेल तर ठेवा, मांजराला झोपायचे असेल तर झोपू द्या. फक्त मला रिकामा फिरवू नका.